सतरा नंबर

गेल्या आषाढात बैठकीच्या खोलीतला पंखा बंद पडला. शेजारच्यांनी एका वायरमनचा नंबर दिला. पस्तिशीच्या आतबाहेरचा माणूस आला, स्टुलावर चढला, कॅपॅसिटर बदलला आणि खाली उतरल्यावर भिंतीवरच्या फोटोसमोर थांबला. फोटो आमच्या शाळेच्या २००७ च्या दहावीच्या वर्गाचा. शाळेचा पहिला शंभर टक्के निकाल. मधल्या खुर्च्यांवर आम्ही शिक्षक, मुख्याध्यापकांच्या मांडीवर ढाल, मागं तीन रांगांत मुलंमुली.

"बाई, हा माझाच वर्ग."

मी चष्मा लावून जवळ गेले. "तू कुठं आहेस यात?"

"मी नाही यात. मी सतरा नंबरवाला."

रक्तगट सांगावा तसं त्यानं सांगितलं. मग बटण दाबून पंखा फिरतो का पाहिलं, पक्कड पिशवीत टाकली. पैसे घेत नव्हता, मी बळंच दिले. तो गेल्यावर दार लावलं आणि दिवसभर त्या भिंतीकडं पाठ करून बसले.

सतरा नंबर म्हणजे काय, हे मराठी शाळेशी संबंध आलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसणाऱ्यांनी भरायचा तो बोर्डाचा फॉर्म. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या बायका, लवकर कामाला लागलेली पोरं, यांच्यासाठी ती सोय आहे आणि चांगली सोय आहे. आमच्यासारख्या शाळांनी तिचा दुसरा उपयोग शोधून काढला. नववीतल्या कच्च्या मुलाला नापास करायचं, घरच्यांना बोलावून दाखला हातात ठेवायचा आणि समजुतीच्या सुरात सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, पोराचं वर्ष वाचेल. पोरगं खाजगी विद्यार्थी म्हणून बसतं. ते नापास झालं तरी त्याचा डाग शाळेच्या निकालावर पडत नाही. फाटकावर फ्लेक्स लागतो.

चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. त्या वर्षी त्या नववीची वर्गशिक्षिका मीच होते.

एप्रिल २००६ मधली दुपार. मुख्याध्यापकांच्या खोलीत निकालाचा मोठा तक्ता टेबलावर पसरलेला, त्याची टोकं उडू नयेत म्हणून एकीकडं पेपरवेट आणि दुसरीकडं पाण्याचा तांब्या. आठ नावांपुढं शिसपेन्सिलीनं बारीक टिंबं काढलेली होती. आमचे मुख्याध्यापक काही वाईट माणूस नव्हते. कुणाला नापास करा, असं ते एका शब्दानंही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्याचे जे असतील ते गुण राहू द्या. यंदा ओढाताण नको."

ओढाताण म्हणजे तिसाच्या मुलाला पस्तीसवर आणणं. दरवर्षी सगळेच करत होतो.

त्यांना भीती कशाची होती ते आम्हाला माहीत होतं, कारण तीच आमची भीती होती. सडकेपलीकडं इंग्रजी शाळा निघून दोन वर्षं झाली होती. पट घसरत होता. पट घसरला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की कुणीतरी अतिरिक्त ठरतो. आमचे चित्रकलेचे सर आदल्याच वर्षी अतिरिक्त होऊन दुसऱ्या तालुक्यात गेले होते, रोज पहाटेची एसटी धरायचे. पुढचा नंबर भाषेच्या शिक्षकांचा होता. माझं घराचं कर्ज नुकतंच सुरू झालेलं. पट टिकवायचा तर निकाल हवा, आणि निकाल हवा तर आठ टिंबं दहावीत जाता कामा नयेत. इतका सरळ हिशेब होता तो. त्याला कुणी कट म्हणालं असतं तर मला खरंच राग आला असता.

त्या आठांतल्या एका मुलाला, आजच्या त्या वायरमनला, मराठीत २९ होते. त्याच गठ्ठ्यात एका मुलीला ३०. तिला मी वर आणलं. निबंधाला दोन वाढवले, पत्राला एक, कवितेच्या रसग्रहणाला दोन. तिचं गणित बरं होतं, ती दहावीला निघाली असती. निघालीही. फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी आहे. त्याच्या पेपराला मी हात लावला नाही. त्याला मी एकही गुण हक्काचा कमी दिला नाही, असं पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि ते खरंही आहे. खरेपणा कुणाच्या वाट्याला घालायचा आणि दया कुणाच्या, हे मात्र मी पेन्सिलीची टिंबं पाहून ठरवलं.

दाखला न्यायला त्याची आई आली होती. शेतातून तशीच, पदराला कुसळं चिकटलेली. मी तिला खुर्ची दिली, तर ती भिंतीला टेकून उभीच राहिली. मी सतरा नंबर समजावून सांगितला. वर्ष वाचतं, हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तुमी म्हनाल तसं." त्या वाक्यावर सही करून घेतली आम्ही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग घाला ती परीक्षा खड्ड्यात. माझी सून हेच म्हणते. ती पुण्यात असते, नातवाला तिनं अशा शाळेत घातलंय जिथं परीक्षेचं नाव काढत नाहीत. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकाच वेळी, एकाच कागदावर, लाखो मुलांना एकच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं एकाच साच्यात मोजायची, यात मुलाचं काय काय गळून जातं हे मी तिच्यापेक्षा जास्त पाहिलंय. तरी तिच्या होला हो मला म्हणवत नाही. त्याचं कारण १९७४ साली घडलेलं आहे.

आटपाडी तालुक्यातलं आमचं गाव. वडील घोंगड्या विणायचे. चौथीच्या वर्गात हुशार कोण, हे गुरुजींना पहिल्या दिवशीच कळलेलं असायचं. त्यासाठी आडनाव पुरेसं होतं. पाट्या तपासताना काही पाट्या ते हातात घ्यायचे आणि काही लांबूनच बघायचे. माझी लांबून. अक्षर चांगलं होतं म्हणून लांबूनही वाचता यायचं, एवढंच. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्यांनी पाच मुलं नेली, त्यात मी कशी आले ते सांगते. पाचव्या मुलाला गोवर निघाला आणि फॉर्म वाया जाऊ नये म्हणून शेवटच्या घटकेला माझं नाव घातलं गेलं.

तालुक्याच्या शाळेतली ती खोली अजून डोळ्यांपुढं आहे. बाकावर खडूनं आकडा लिहिलेला. एक अनोळखी बाई आल्या, माझा आकडा बाकाशी ताडून पाहिला आणि पेपर पुढं ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच मला कुणी आडनाव विचारलं नाही. गणिताच्या पेपरात मी काय सोडवलं ते आठवत नाही, पण पाटी लांब धरायची गरज नाही हे कळल्याचं आठवतं. निकाल आला तेव्हा आमच्या शाळेतून एकच नाव होतं. गुरुजींनी ते वर्गात वाचलं, मग कागद जवळ धरून पुन्हा एकदा वाचलं.

वडिलांनी मला शाळेतून काढलं नाही ते त्या कागदामुळं. शिष्यवृत्तीची रक्कम आज सांगितली तर नातू हसेल, पण सरकारी शिक्क्याचा कागद होता तो, वडिलांनी विठोबाच्या तसबिरीमागं ठेवलेला. माझा पेपर कुठल्या गावात, कुणी तपासला, मला ठाऊक नाही. तपासणाऱ्यालाही मी कोण ते ठाऊक नव्हतं. त्याच्या त्या ठाऊक नसण्यावर माझं आयुष्य उभं आहे. मला जवळून ओळखणाऱ्या माणसानं मला कधी निवडलं नसतं.

म्हणून 'प्रत्येक मूल वेगळं, त्याला ओळखणाऱ्या शिक्षकानंच त्याचं मोल करावं' असं कुणी म्हणू लागलं की माझा जीव थोडा घाबरतो. ओळखणारा शिक्षक कसा असेल यावर सगळं आहे. माझे गुरुजीही मला ओळखतच होते.

आणि मी तरी कशी होते? २० ऑगस्ट २०१० चा तो शासन निर्णय निघाला आणि पहिली ते आठवी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी. एका दिवसाच्या तीन तासांवर मुलाला तोलू नका, वर्षभर बघा, त्याच्याविषयी चार वाक्यं लिहा. कल्पना किती शहाणपणाची! महिन्याभरात बाजारात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं आली. 'गटकार्यात उत्साहाने भाग घेते.' 'हस्ताक्षर वळणदार आहे.' 'वाचनात प्रगती अपेक्षित.' मीही त्यातलंच एक आणलं. जनगणना, निवडणुकीचं काम, पोषण आहाराची नोंदवही, सत्तर-सत्तर मुलांचे वर्ग, या सगळ्या सबबी खऱ्या आहेत. पण सत्तरातल्या निदान दहांविषयी मला स्वतःचं वाक्य लिहिता आलं असतं. मी सातवीच्या एका मुलाला 'सहलीत आनंदाने सहभागी होतो' असं लिहिलं. त्या वर्षी सहल गेलीच नव्हती.

दहावीच्या तोंडी परीक्षेच्या वीस गुणांचं तेच. आमच्या शाळेत अठराच्या खाली कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. मार्च २०१९ मध्ये भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे ते शाळेच्या हातातले गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. नवा अभ्यासक्रम हेही एक कारण होतं, मान्य. पण स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं ते वेगळ्या कारणानं. ओरड झाली, वीस गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. आमच्यावर विश्वास ठेवून जे गुण आमच्या हाती दिले होते त्यांची आम्ही अशी किंमत केली होती. बोर्ड आम्हाला विचारत नाही, कारखान्यासारखं सगळं वरून ठरतं, अशा तक्रारी मी जाहीर भाषणांतही केल्यात. विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते भाषणात नव्हतं.

२०१९ च्या त्याच मार्चमध्ये माझ्याकडं दहावीच्या मराठीचा गठ्ठा होता. पहिल्यांदाच कृतिपत्रिका आली होती. प्रश्नपत्रिका गेली, पाठांतर संपलं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं. तीत स्वमत नावाचा एक भाग असतो. मुलानं स्वतःचं मत मांडायचं. मला त्याचं अप्रूप वाटलं होतं. सोळा वर्षांच्या मुलाला बोर्ड विचारतंय, तुला काय वाटतं?

गठ्ठा घरी आणला, जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसले. पहिल्या दहा उत्तरपत्रिकांत स्वमत एकच होतं. वाक्याची सुरुवात एक, म्हण एक, शेवटही एक. गाइडवाल्यांनी मतं छापली होती आणि मुलांनी ती पाठ केली होती. मी चारपैकी तीन, साडेतीन देत गेले. मुद्दे होते, शुद्धलेखन ठीक होतं, उत्तरसूचीशी जुळत होतं.

मग एक उत्तरपत्रिका आली. अक्षर गिचमिड, वेलांट्या सैरभैर. प्रश्न श्रमाच्या मोलाविषयीचा होता. त्या मुलानं, की मुलीनं, लिहिलं होतं की श्रमाला प्रतिष्ठा असते असं पुस्तकात आहे पण मला तसं दिसत नाही. माझे आईवडील ऊस तोडतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आई आणि बाप मिळून एक कोयता. आजी एकटी जाते ती अर्धा कोयता. मला वाटतं आधी माणूस पूर्ण मोजावा, मग प्रतिष्ठेचं बघू.

एवढंच. पाच-सहा ओळी. मी पेन खाली ठेवलं, चहा केला, परत वाचलं. मग उत्तरसूची काढली. श्रमप्रतिष्ठा, स्वावलंबन, थोरांचं उदाहरण, समारोप. यातलं त्या उत्तरात काही नव्हतं. समारोप तर नव्हताच. चारपैकी दीड दिले.

दोन का नाहीत? शुद्धलेखन. चार का नाहीत? कारण चार दिले आणि आमची तपासणी पुन्हा पाहणाऱ्या नियामकांनी विचारलं, तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. उत्तर देता आलं असतं. तो पेपर हातात घेऊन नियामकांकडं जाऊन 'सर, हे वाचा' म्हणता आलं असतं. अशा चर्चेसाठीच तर ते असतात. पण गठ्ठा परवा द्यायचा होता, दीडशेच्या वर पेपर उरले होते, एका पेपरमागं चहाचेही पैसे सुटत नाहीत. मी पान उलटलं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो, क्रमांकावर स्टिकर. ते मूल कुठलं हे मला कधीही कळणार नाही. नेमका असाच तर नियम होता, ज्यानं १९७४ साली मला तारलं. त्या अनोळखी माणसाच्या जागी आता मी बसले होते, आणि मला निनावी उत्तर मिळालं तेव्हा मी ते लांबूनच बघितलं.

माझ्या आतलं खरं भांडण परीक्षेशी नाही, हे मला त्या वायरमननंतरच्या दिवसांत हळूहळू उमगत गेलं. परीक्षा आंधळी असते. असावीच. लांबच्या, अनोळखी माणसानं आंधळं असण्यात न्याय आहे. पण मी त्या सतरा नंबरवाल्या मुलाला तीन वर्षं शिकवत होते. तो मधल्या सुट्टीत शाळेच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करायचा, पाणी आलं नाही की शिपाईकाका त्यालाच वर्गातून बोलावून न्यायचे, हे मला दिसत होतं. जवळच्या माणसानं लांबच्या माणसाचं आंधळेपण उसनं घेतलं तर त्याला काय म्हणायचं? मला मराठीत शब्द सापडत नाही, आणि मी मराठीची शिक्षिका आहे.

बोर्डानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं की नववीत मुलं गाळा. बोर्डानं फक्त एक आकडा छापला, शाळानिहाय निकाल. बाकीचं आम्ही केलं. असं होतं हे जगाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली नियम निघाला की इन्स्पेक्टरच्या परीक्षेत किती मुलं पास होतात त्यावर शाळेला पैसे मिळतील. आपल्याकडं मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची तीच चाल आली. इंग्लंडमधला एक शाळा-निरीक्षक म्हणजे कवी मॅथ्यू अर्नोल्ड. त्यानं स्वतः नोकरीत असताना या पद्धतीवर कडाडून टीका केली, शिकवणं यांत्रिक होतंय म्हणून. शतकाच्या अखेरीस इंग्लंडनं ती सोडली. आमच्या गावाकडं म्हातारी माणसं अजून 'दिपोटी' येण्याच्या गोष्टी सांगतात. डेप्युटी इन्स्पेक्टर येणार म्हणून ढ पोरांना त्या दिवशी शेरडांमागं धाडलेलं असायचं. आम्ही फक्त एका दिवसाऐवजी कायमचं धाडलं.

२०१० मध्ये आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा कायदा लागू झाला तेव्हा तर सगळी चाळण नववीवरच आली. त्या चाळणीला शेवटी एक विचित्र फळ आलं. २०२१ मध्ये करोनामुळं दहावीची परीक्षाच झाली नाही. शंभरपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून द्यायचे ठरले, तीस दहावीतल्या लेखी कामाचे, वीस तोंडी-प्रात्यक्षिकाचे. आम्ही वर्षानुवर्षं नववी 'कडक' ठेवत आलेलो. ज्यांना धाक बसावा म्हणून कमी गुण दिले त्या मुलांचे तेच गुण आता दहावीच्या गुणपत्रिकेत उतरले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, जवळजवळ कुणीच नापास झालं नाही म्हणून ओरड झाली नाही. पण एका मुलीनं फोन केला होता. म्हणाली, "बाई, नववीत तुम्ही म्हणाला होता हे गुण कुठं धरत नाहीत." मी म्हणाले होते, खरं आहे.

एका चाचणीविषयी मात्र मला बरं बोलायचंय. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना माझ्या हाती 'असर'च्या पाहणीतला वाचनाचा कागद आला. प्रथम ही संस्था २००५ पासून गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला लावते, तो. एका पानावर अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. बस. मी तो कागद घेऊन आठवीच्या वर्गातल्या मुलांना एकेक करून व्हरांड्यात बोलावलं. गुण नाहीत, नोंद नाही, कुणाला दाखवायचं नाही. दर मुलाला तीन-चार मिनिटं. एका मुलीनं कागद हातात घेतला, गोष्टीकडं पाहिलं आणि शांतपणे परिच्छेदावर बोट ठेवलं: "बाई, इथून वाचू?" परिच्छेदही तिनं बोट ठेवत, अक्षर जुळवत वाचला. ती तीन वर्षं माझ्या वर्गात होती. घटक चाचणीत तिला चौदा-पंधरा मिळत असत, वीसपैकी. शेजारणीचं बघून असणार.

त्या व्हरांड्यात चार दिवसांत मला जे कळलं ते चौतीस वर्षांच्या निकालपत्रकांत नव्हतं. तीही परीक्षाच होती की! सगळ्यांना एकच कागद, एकच मापाची ओळ. फरक एवढाच की तिच्या निकालावर कुणाची तुकडी टांगलेली नव्हती. म्हणून मुलांनी खरं वाचलं आणि मी खरं ऐकलं. पुढं मी त्या मुलीला आणि आणखी सहांना शाळा सुटल्यावर वाचायला बसवलं. सातांतली चार टिकली. हे मी फुशारकीनं सांगत नाही. ही गोष्ट मी अठ्ठावन्नाच्या उंबऱ्यावर केली. ती मला तिशीत करता आली असती, कागद काय कुठल्याही पहिलीच्या पुस्तकातून फाडता येतो.

भाद्रपदात तो वायरमन पुन्हा आला. या वेळी मी बोलावलं नव्हतं. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला, हातात पेढ्याचा पुडा नव्हता, तेव्हा काम असणार हे मी ओळखलं.

"बाई, पोरगी पाचवीला आहे. स्कॉलरशिपला बसायचं म्हणती. शाळेत म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

पाचवीच्या शिष्यवृत्तीला पुढचं वर्ष नसतं. मुलगी पाचवीत एकदाच असते. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मला चांगलं माहीत आहे, कारण मी ते सातवीच्या पालकांना किती वेळा ऐकवलंय. तेव्हा आमच्याकडं ती परीक्षा सातवीला होती. कच्चं मूल बसलं की शाळेचा टक्का उतरतो. मी त्याच्याबरोबर शाळेत गेले. तिथल्या बाई माझ्या हाताखाली लागलेल्या, चांगल्या, कष्टाळू. त्यांनी मला बसायला दिलं, चहा मागवला, आणि सगळं ऐकून घेऊन अगदी सहज म्हणाल्या, "बाई, यादी आम्ही तुमच्याच पद्धतीनं करतो. तुम्हीच लावलेली शिस्त आहे ना." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. फॉर्म भरला गेला.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणाले, "तुझ्या नववीच्या वेळी..." तो म्हणाला, "जाऊ द्या बाई. ऑक्टोबरला निघालो, आयटीआयला नंबर लागला. चाललंय की." मला हायसं वाटलं, आणि मी पुढं काही बोलले नाही. पेन्सिलीच्या टिंबांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तिसाच्या मुलीचं तर नाहीच.

मुलगी रोज सकाळी सातला येते. केसांना खोबरेल तेल, दप्तरात स्टीलचा डबा. फोटो मी काढलेला नाही. काढला असता तर भिंतीवर चौकोन राहिला असता. काल तिला सरावाचा पहिला पेपर दिला, पंचाहत्तर प्रश्न, दीड तास, चार पर्याय, गोल रंगवायचे. तिनं जीभ दातांत धरून, गोलाच्या कडेबाहेर शाई जाऊ न देता रंगवले. अडतीस बरोबर आले. नऊ प्रश्नांचे गोल रिकामेच होते.

"हे का सोडलेस?"

"येत नव्हते."

चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण कापत नाहीत. येत नसलं तरी अंदाजानं एक गोल काळा करून टाकायचा असतो, चारांत एक लागतोच. ही युक्ती मी वर्षानुवर्षं पहिल्या तासाला शिकवत आले. तिला ती अजून कुणी सांगितलेली नाही. उद्या सांगावी लागेल.